मोठ्या बाईंचं सामान

वैराग्य आमच्या जिल्ह्याच्या मातीतच आहे. नरसीला संत जन्मले, तेव्हापासून इथल्या माणसाला संसाराचा मोह सोडायला वेगळं शिकवावं लागत नाही, असं आमच्याकडच्या प्रत्येक सत्कार समारंभात कुणी ना कुणी सांगतंच, आणि सत्कारमूर्ती खांद्यावरच्या शालीची घडी मोडू नये म्हणून जपून मान हलवतात. आमच्या मोठ्या बाईंनी मात्र हा मोह खरोखरच सोडायला घेतला. सोडण्याआधी त्यांनी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि जुन्या वस्तू विकायच्या अ‍ॅपवर टाकले.

मोठ्या बाई म्हणजे वसुधा मस्के. हिंगोलीतल्या ज्या शाळेत मी मराठी शिकवलं तिथं त्या मुख्याध्यापिका होत्या. आम्ही दोघंही निवृत्त झालो, पण घरं एकाच कॉलनीत, मध्ये दोन प्लॉट. त्यामुळे निवृत्तीनंतरही मला त्यांच्या देखरेखीतून सुटका मिळाली नाही.

बाईंना बसता येत नसे. पाय दुखतात म्हणून काही माणसांना उभं राहवत नाही, तसं यांना बसवत नसे. शाळेत त्यांच्या कार्यालयात एक गादीची खुर्ची होती. तिच्यावरचं प्लास्टिक त्या निवृत्त होईपर्यंत तसंच होतं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात ‘साहित्याची निगा उत्तम’ असं लिहिलं, ते त्या खुर्चीकडे बघून. बाई दिवसभर व्हरांड्यात, वर्गांच्या मागच्या दारात, पाण्याच्या टाकीपाशी. फाईलवर सही हवी असेल तर शिपाई फाईल घेऊन त्यांच्यामागे चालायचा, आणि त्या भिंतीला फाईल टेकवून सही करायच्या. त्यांच्या निरोप समारंभात पाहुणे म्हणाले की बाई आता निवांत बसतील. तेव्हा बाई व्यासपीठावर नव्हत्या. मागच्या रांगेतली पोरं उन्हात आली होती, त्यांना सावलीत सरकवत होत्या.

मस्के साहेब याच्या अगदी उलट. पाटबंधारे खात्यात होते, आणि पाणी जसं धरणात बसतं तसे ते घरात बसत. त्यांना एकच हौस होती. कुठलीही वस्तू घ्यायची तर दोन घ्यायच्या. एक बिघडली तर, असं त्यांचं म्हणणं. दोन कुकर, दोन शिड्या, दोन लोखंडी कपाटं, भिंतीवरची दोन घड्याळं, आणि त्या दोन घड्याळांच्या वेळाही दोन. बायको तेवढी एकच आहे, असं ते पाहुण्यांना सांगायचे. बाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, दुसरी परवडली नसती.

साहेब गेले, आणि जोडीजोडीने भरलेल्या त्या घरात एक माणूस उरलं. बाई आधी बसत नव्हत्या, आता त्या टेकेनाशा झाल्या. चहा ओट्याशी उभ्याने. जेवण हातात ताट घेऊन, या खोलीतून त्या खोलीत. आमच्या गच्चीवरून त्यांची गच्ची दिसते. तिथं त्या पोळीची गुंडाळी खात येरझाऱ्या घालताना दिसायच्या. आमच्या हिला ते बघवत नसे. ती मला म्हणायची, ‘‘बाई उभ्यानंच जेवून राहिल्यात हो. तुमी काही बोला ना.’’ मी नोकरीभर ज्यांच्यासमोर बोललो नाही त्यांच्यासमोर आता काय बोलणार होतो.

मुलगा मिलिंद पुण्याला असतो. तो आला, चार दिवस राहिला, आणि ‘आई, तू आता आमच्याकडे चल’ असं म्हणाला. सगळ्यांना वाटलं, बाई ऐकायच्या नाहीत. पण त्या लगेच हो म्हणाल्या. मला म्हणाल्या, ‘‘सर, हे घर मला बसू देत नाही.’’ मिलिंदने घराचा सौदा एका दातांच्या डॉक्टरशी केला. दसरा झाला की घर मोकळं करून द्यायचं ठरलं. डॉक्टरांना खाली दवाखाना करायचा होता आणि त्यांनी दाराची मापंही घेऊन ठेवली.

राहिलं होतं ते सामान. मिलिंद म्हणाला, भंगारवाल्याला बोलावू, एका दुपारचं काम आहे. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो क्षणभर सहावीत गेला. ‘‘वर्गातली कच्ची पोरं मी भंगारात दिली होती का?’’ त्या म्हणाल्या. ‘‘प्रत्येक वस्तू बघून, माणूस बघून देईन. घर रिकामं झालं की मी येते.’’

हे शेवटचं वाक्य मिलिंदने वचन म्हणून घेतलं. बाईंनीही ते तसंच दिलं होतं. आपण काय कबूल करून बसलो ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

अ‍ॅप वापरायला बाई आपल्या आपण शिकल्या. फोटो सरळ यायचे. जाहिराती मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्यासारख्या. ‘लोखंडी कपाट. वर्तणूक चांगली. डावं दार हट्टी आहे, ओढून लावावं लागतं, पावसाळ्यात जास्त. रागावून उपयोग होत नाही.’ टेबलफॅनचं वर्णन होतं: ‘प्रगती मध्यम. तीनवर उत्तम चालतो, एकवर लक्ष देत नाही.’ मिक्सरबद्दल लिहिलं होतं, ‘आवाज फार करतो, पण मनाने स्वच्छ आहे.’ मी म्हटलं, बाई, दोष लिहिले तर घेणार कोण? त्या म्हणाल्या, दोष लपवून दाखला दिला तर पुढच्या शाळेला तकलीफ होते.

फोन येऊ लागले. या धंद्यात गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ‘लास्ट बोला’ हे असतं. बाई म्हणायच्या, आधी नमस्कार म्हणा. मग उलटतपासणी. घरात माणसं किती, छत गळतं का, वस्तू कुणाच्या हातात राहणार. गोरेगावचा माधव नावाचा एक शेतकरी कपाटासाठी आला होता. बायको रुक्मिणाही सोबत होती. मी तिथंच होतो, कारण कपाट पुढे सरकवायला बाईंनी मला बोलावलं होतं. बाईंचे प्रश्न संपेनात, तेव्हा माधव म्हणाला, ‘‘बाई, कपाट देऊन राहिल्या का सोयरीक करून राहिल्या?’’

‘‘चौकशी दोन्हीत लागते,’’ बाई म्हणाल्या.

‘‘मंग आमची पसंती हाय. तुमचं काय ते बोला.’’

बाईंची पसंती झाली. आणि इथंच ती गोष्ट घडली, जिच्यामुळे पुढचं सगळं बिघडलं.

आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत. शेजारणीचा डबा परत करताना घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी टाकून देतात. ही रीत डब्यापुरती आहे, वाटीपुरती आहे, फार तर परातीपुरती. सहा फुटी लोखंडी कपाटाला ती लागू आहे असं कुठं लिहिलेलं नाही. पण कपाट उचलायच्या वेळी बाईंनी हमालांना थांबवलं, आतून खण आणि नारळ आणला, मधल्या कप्प्यात ठेवला, आणि डावं दार ओढून लावलं. रुक्मिणा बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा काळजी जास्त दिसत होती. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मग हीच पद्धत पडली. धान्याच्या कोठीत ज्वारी. कुकरमध्ये तुरीची डाळ. फ्रिजमध्ये वाटीभर विरजण. घड्याळात काही ठेवता येईना म्हणून ते कागदाऐवजी ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळून दिलं. मी एकदा समजावून बघितलं की हा व्यवहार आहे, माणसाने पैसे दिले, वस्तू नेली, विषय संपला. बाई म्हणाल्या, ‘‘पैसे वस्तूचे दिले त्यांनी. आतल्या रिकाम्या जागेचं काय?’’

विषय संपला नाही. पैशाने तो संपला असता. ज्वारीने तो सुरू झाला. रुक्मिणा आठवडाभरात धपाट्यांचा डबा घेऊन हजर. भरलेलं कपाट घरात आलं आणि आपण हात हलवत कसं राहायचं, असा तिचा सरळ हिशेब होता. सासूने तर तिला दोनदा विचारलं होतं म्हणे, काहून गेली न्हाईस अजून. आता तो डबा बाईंकडे राहिला, कारण लगेच रिकामा कसा परत करणार. बाईंनी शेंगदाण्याचे लाडू केले, डबा भरला आणि गोरेगावच्या जीपवाल्याच्या हाती पाठवला. चार दिवसांनी तीच जीप त्याहून मोठा डबा घेऊन आली, आत हळकुंडं.

विकलेल्या वस्तूंची नोंद ठेवायची म्हणून बाईंनी फोनवर एक ग्रुप काढला. त्याला नाव दिलं ‘आपले सामान’. ज्याने वस्तू नेली तो त्यात. नियम पहिल्याच दिवशी पडले. सुप्रभात आणि फुलांची चित्रं टाकायची नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने आपापल्या वस्तूचा फोटो टाकायचा, वस्तू पुसून. लोक टाकायचे. हट्ट्याच्या एका बाईने कुकरची शिट्टी वेगळी वाजते म्हणून तिचा आवाज पाठवला. बाईंनी तो दोनदा ऐकला आणि रबर बदलायला सांगितलं. एकाने शिडी परस्पर मेहुण्याला दिली, तर ग्रुपवर त्याला लेखी विचारणा झाली की दाखला न घेता शाळा कशी बदलली. त्याने माफी मागितली आणि मेहुण्याला ग्रुपमध्ये घ्यायची विनंती केली.

फोटोंनी बाईंचं भागलं नाही. शाळेत असताना एखादं पोरगं चार दिवस आलं नाही की त्या त्याच्या घरी जायच्या. ती सवय आता कपाटांना लागू झाली. ‘‘सर, तुम्हाला उद्या काही काम नाही,’’ असं त्या आदल्या संध्याकाळी सांगायच्या. तो प्रश्न नसायचा.

नरसीला आम्ही शोकेस बघायला गेलो. साहेबांनी घेतलेल्या दोन काचेच्या शोकेसपैकी एक तिथल्या पेढेवाल्याने नेली होती. दुकान रस्त्यालाच. शोकेस स्वच्छ होती, खालच्या कप्प्यात बत्तासे, मधल्या कप्प्यात पेढे, आणि वरच्या कप्प्यात पेढ्यांच्या मधोमध बाईंची ‘आदर्श शिक्षिका’ ढाल. पितळी, लाकडी बैठकीवर, नाव कोरलेलं. मला वाटलं, सामान देताना ती चुकून आत राहिली. मी बाईंना हळूच तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, चुकून नाही, शोकेस रिकामी देता येत नव्हती आणि त्या दिवशी घरात नारळ नव्हता.

पेढेवाला नम्रपणे म्हणाला, ‘‘बाई, तुमी म्हणता तर काढतो. पण ठेवल्यापासून धंदा बरा हाय. गिऱ्हाइकाला वाटतं, पेढ्याला मिळाली.’’

बाईंनी पेढा खाऊन बघितला. बराच वेळ चघळला. म्हणाल्या, राहू द्या.

ती ढाल देण्याच्या समारंभाला मी होतो. एका मान्यवरांचं भाषण इतकं लांबलं होतं की ढाल हातात पडेपर्यंत बाईंनी मंडपाची कनात दोनदा नीट बांधून घेतली होती. अशा ढालीचा एवढा उपयोग झालेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

तांड्यावरची भेट मात्र मला पुन्हा पुन्हा आठवते. सेनगावच्या पुढे एका तांड्यावर जेवणाचं टेबल गेलं होतं. हे एकच सामान असं होतं की जे घरात एकच होतं. दोन टेबलं मावत नव्हती. त्यावर बाई आणि साहेब जेवायचे. म्हणजे साहेब बसून जेवायचे आणि बाई वाढता वाढता. टेबल नेणारा पोरगा सांगून गेला होता की घरी पाहुणेरावळे येतात, सगळे टेबलावर जेवतील.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. घर लहान, पुढे पत्र्याचं छप्पर, त्याखाली आमचं टेबल, आणि टेबलावर गोधडी अंथरून त्या पोराचा आजा झोपलेला. पोरगा शेतावर गेला होता. म्हाताऱ्याने आम्हाला बघितलं, पण उठला नाही. बाईंचा चेहरा बदलला. शाळेत बाकावर पाय ठेवून बसलेल्या पोराकडे बघून व्हायचा तसाच.

‘‘टेबलावर काहून झोपलात?’’ बाईंनी विचारलं. चिडल्या की त्यांच्या तोंडात माहेरचं बोलणं यायचं.

‘‘खाली ओल लागती,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘खाटेवर पाठ दुखायची. हे बराबर हाय. सरळ हाय.’’ मग त्याने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘‘याचे मालक कुठं गेले?’’

बाईंनी टेबलाकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘वारले.’’

म्हाताऱ्याने मान हलवली. कोपरावर जोर देऊन तो थोडा सरकला. गोधडीची कड त्याने आत ओढली आणि मोकळ्या झालेल्या फळीवर थाप मारली. ‘‘मंग बसा,’’ तो म्हणाला.

आणि बाई बसल्या. मी साठी ओलांडलेला मास्तर, त्यांना इतकी वर्षं ओळखणारा, आणि गाडीतलं बसणं सोडलं तर मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं बघत होतो. तेही जेवणाच्या टेबलावर, पाय लोंबकळते सोडून. पाय जमिनीला पोचत नव्हते. म्हातारा त्याच्या बैलांबद्दल काहीतरी सांगत राहिला, त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ कुठून कुठवर नेलं त्याबद्दल. बाई ऐकत होत्या. मी उभाच होतो. मला कुणी बस म्हटलं नाही, आणि टेबलावर जागाही नव्हती.

परतताना जीपमध्ये त्या एकच वाक्य बोलल्या. टेबल नीट आहे.

पुढे दसरा जवळ आला आणि बाईंची तगमग वाढली. घर रिकामं व्हायला हवं होतं, आणि ते भरत चाललं होतं. जे विकायचं होतं ते जवळजवळ सगळं गेलं होतं. जाहिराती संपल्या होत्या. पण ज्या ज्या घरी सामान गेलं होतं त्या त्या घरून काही ना काही येत होतं. स्टीलचे डबे, पितळी गडवे, प्लास्टिकच्या बरण्या, झाकणाची पातेली. हट्ट्याहून तूर, गोरेगावहून हळद, औंढ्याहून मूग, तांड्यावरून चवळी. बाई एक डबा भरून पाठवायच्या तर दोन यायचे. जिथं साहेबांचं कपाट होतं तिथं आता परक्या भांड्यांची उतरंड. रात्रंदिवस गॅस पेटलेला. लाडू, चिवडा, शंकरपाळे. कॉलनीत सगळ्यांना वाटलं, बाईंनी दिवाळीच्या फराळाचा धंदा काढला. डॉक्टर एकदा डोकावून गेले आणि दवाखान्याच्या जागेत हळकुंडं वाळत घातलेली बघून दारातूनच परत गेले. घरी जाऊन त्यांनी मिलिंदला फोन केला.

मिलिंद आला तो दारातच थांबला.

‘‘आई, घर रिकामं करायचं होतं ना आपल्याला?’’

‘‘केलं. यातलं आपलं एकही नाही.’’

‘‘मग कुणाचं आहे?’’

‘‘लोकांचं. परत द्यायचंय.’’

‘‘मग देऊन टाक. गाडी करतो मी, आजच्या आज देऊ.’’

‘‘दे ना,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण रिकामी कशी देतोस?’’

मिलिंद मोठ्या कंपनीत आहे. अडचण दिसली की तिचा तक्ता करायचा, अशी त्याची रीत. पण आईचा प्रश्न त्याला तक्त्यात बसवता येईना. त्याने मला विचारलं, सर, रिकामी दिली तर काय होईल? मी म्हटलं, काही होणार नाही. आणि हे म्हणताना मलाच ते खोटं वाटलं. मलाही कुणाचा डबा रिकामा देता आला नसता. त्यालाही आला नाही. तो गुमान बाजारात गेला, साखरेचं पोतं आणलं, आणि संध्याकाळपर्यंत मायलेक डब्यांमध्ये साखर भरत बसले. म्हणजे तो बसला, बाई उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी छोटा टेम्पो करून मिलिंद निघाला. मला सोबत घेतलं, कारण घरं मला माहीत होती. दुपारपर्यंत सगळं आटोपेल असं त्याचं गणित होतं. गोरेगावला माधवने त्याला बघितलं आणि म्हणाला, कपाटवाल्या बाईंचा लेक पहिल्यांदाच घरी आला. झालं. टॉवेल आला, टोपी आली, कुंकू आलं. जेवल्याशिवाय सोडेनात. निघताना टेम्पोत सोयाबीनचं एक गाठोडं चढलं. तांड्यावर म्हाताऱ्याने टेबलावरून न उठता सुनेला हुकूम सोडला आणि ओल्या भुईमुगाच्या शेंगांची पाटी आली. पाटी नंतर द्या म्हणाले. नरसीच्या पेढेवाल्याने पेढे दिले, तेही स्टीलच्या डब्यात. खोकं नव्हतं का, असं मिलिंदने रडकुंडीला येऊन विचारलं. पेढेवाला म्हणाला, ‘‘तुमाला खोक्यात द्यायचं व्हय? गिऱ्हाईक हाव का तुमी?’’

दिवेलागणीला आम्ही परतलो तेव्हा टेम्पो निघताना होता त्यापेक्षा जड झाला होता. मिलिंदच्या डोक्यावर तीन टोप्या होत्या, एकीवर एक. बाईंनी त्या मोजल्यासारख्या बघितल्या आणि हसल्या नाहीत. मिलिंद पायरीवर बसला आणि म्हणाला, ‘‘आई, तुला यायचंच नाहीये का? तसं सांग. मी डॉक्टरांना नाही म्हणतो.’’

बाई बराच वेळ अंगणात फिरल्या. चारदा कुंपणापर्यंत गेल्या आणि आल्या. मग म्हणाल्या, ‘‘यायचंय रे. इथं साहेब नाहीत ते मला रोज दिसतं. तिथं निदान ते कधी नव्हतेच.’’ आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना शाळा आठवली असावी. ग्रुपवर सूचना आली: ज्यांची भांडी आमच्याकडे आहेत त्यांनी रविवारी सकाळी येऊन ती न्यावीत. येताना काहीही आणू नये. आणल्यास परत पाठवले जाईल. ही शेवटची ओळ त्यांनी वर्गात लिहायच्या तशी अधोरेखित केली होती की नाही ते फोनवर कळत नाही, पण लोकांना ती तशीच दिसली.

लोक आले. जीप भरून आले. बाईंनी त्यांना फाटकात गावानुसार उभं केलं. मग जे केलं ते इतकं सोपं होतं की आधी सुचलं कसं नाही याचं मिलिंदला वाईट वाटलं. गोरेगावच्या डब्यात हट्ट्याची तूर भरली. हट्ट्याच्या पातेल्यात गोरेगावची हळद. नरसीच्या डब्यात चवळी, तांड्याच्या पाटीत नरसीचे पेढे आणि सोयाबीन. कुणाचंही भांडं रिकामं गेलं नाही आणि बाईंच्या घरचं त्यात काही गेलं नाही. रुक्मिणाने झाडू घेतला, बाकीच्या बायांनी पोछा मारला, आणि उन्हं वर यायच्या आत त्या घरात खरोखर काही उरलं नाही. आवाज घुमायला लागला.

कॉलनीच्या अध्यक्षांना ही संधी सोडवेना. ते शाल, श्रीफळ आणि भाषण घेऊन आले. पण घरात एकही खुर्ची नव्हती. सगळे उभे, अध्यक्षही उभे. त्यामुळे भाषण थोडक्यात आटोपलं. इतक्या वर्षांत ऐकलेलं त्यांचं ते सगळ्यात चांगलं भाषण. बाईंनी श्रीफळ रुक्मिणाच्या हातात दिलं आणि शाल मिलिंदच्या.

मिलिंदला सुट्टी नव्हती, तो त्या रात्रीच गेला. डॉक्टरांना किल्ली द्यायची म्हणून बाई मागे राहिल्या आणि दोन दिवसांनी त्याने त्यांच्यासाठी भाड्याची गाडी लावून दिली. सोबत दोन पिशव्या, बस. मी आणि आमची ही फाटकापाशी उभे होतो. बाईंनी घरातून शेवटचा फेरा मारला, सगळ्या खोल्यांचे दिवे बंद आहेत का बघितले. दिवसाची वेळ होती. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचं एक झाकण होतं. ओट्याच्या मागे पडलं होतं म्हणाल्या. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, त्यावर कोरलेलं नाव वाचलं, मला दाखवलं नाही. आमच्या हिचे हात हातात घेतले. मला म्हणाल्या, ‘‘सर, ग्रुपवर लक्ष ठेवा. सुप्रभात टाकू देऊ नका.’’

गाडीत उभं राहता येत नाही, म्हणून बसल्या. झाकण मांडीवर. काच खाली होती. गाडी वळेपर्यंत त्या पुढे वाकून ड्रायव्हरला काहीतरी सांगत होत्या. मागे वळून बघितलं नाही.

गाडी त्या रात्री पुण्याला पोचली, ती नुसत्या दोन पिशव्या घेऊन. मिलिंदने घाबरून मला फोन केला. ड्रायव्हरचं म्हणणं असं की बाई वाटेत औंढ्याला उतरल्या. एका घरी झाकण द्यायचं होतं, आणि त्या घरच्यांनी त्यांना जेवायला थांबवलं. त्या चौथ्या दिवशी एसटीने पुण्याला पोचल्या. हातात भरलेला डबा होता. डबा औंढ्याचा होता.